पावणेतीन

पांढऱ्यावर काळं करणं
म्हणजे लिहिणं, असं आपल्याकडे म्हणतात.
मी पांढऱ्यावर करडं करतो,
लोअर परळला, गिरणी होती त्या जागी,
सातव्या मजल्यावर, पडदे ओढून.

गॅसचं बिल होतं, फोनवर उघडणारं.
"हवा खेळू दे रे त्यात," तनाझ मॅडम म्हणाली,
"अक्षरं अंगावर नको यायला."
मग मी अक्षरं मागे सारली.
आधी कोळसा, मग शिसं, मग राख,
मग राखेतही थोडं दूध.

याचं गणित असतं.
काळ्या-पांढऱ्याचं नातं एकवीसास एक.
धड वाचता यावं म्हणून किमान साडेचार.
माझं भरलं पावणेतीन.
पावणेतीन म्हटलं की कसं,
तीन वाजायचेत अजून, असं वाटतं.
मंजूर झालं. केक आला.

माहीमला आमच्या खालच्या मजल्यावर कुमुदताई टिपणीस.
गिरगावच्या छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसरा "पिकतोय" म्हणून ठेवलाय.
रविवारी हाक मारली.
"अरे, ह्यात शेवटची तारीख छापायची राहिलीये."

राहिली नाही, ही काय, चौदा.
तिनं फोन जवळ नेला, लांब नेला,
गॅलरीत उन्हात नेला.
उन्हात तिला तिचाच चेहरा दिसला
आणि मागच्या दोरीवरचे परकर.

"हां, आहे खरं काहीतरी.
मशीनवरची शाई संपत आली होती का रे?"

टोमणा नव्हता तो.
शाई सरली की असंच यायचं म्हणाली,
फॉर्म्याच्या शेवटी शेवटी,
अनुस्वार आधी जायचे, मग रफार,
मग वाक्यं नुसती ओल आल्यासारखी.
"मी समासात लिहायची, शाई कमी.
विश्राम मशीनवाला शिव्या घालत उठायचा. पण उठायचा."
टेबलावरची लाल पेन्सिल उचलून
तिनं सवयीनं काचेवर टेकवली.
उमटली नाही.

हे मी केलंय, असं मी सांगितलं नाही.
सांगणार होतो.
त्याऐवजी फोनचा उजेड वाढवून दिला.
तिनं डोळे मिटले.
"आता ट्यूबलाइट वाचतेय असं वाटतं.
इतका पांढरा कागद नव्हता रे कधी.
जरा सायीकडे झुकलेला असायचा.
डोळा टेकायचा त्यावर."

रात्री दिवा मालवून
तेच बिल मी माझ्या फोनवर उघडलं.
शेवटची तारीख वाचली, सहज वाचली.
मग ऑफिसातल्या शोनालला म्हटलं,
मला न सांगता भलतीच तारीख टाकून पाठव.
तेराची मी बारा वाचली.
पुन्हा एक पाठव म्हटलं. तीही चुकली.
म्हणजे इतके दिवस मला दिसत नव्हतं,
पाठ होतं.

सोमवारी साडेचार मागितले.
तनाझ मॅडमनं मान तिरकी करून पाहिलं.
"जड होतंय रे. पुढच्या तिमाहीत बघू."
मीही मान तिरकी केली.
जड होतंच थोडं, खोटं कशाला बोला.

कुमुदताई तिमाहीसाठी थांबली नाही.
कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून
पाठकोऱ्या बाजूवर, जाड मार्करनं,
शिरोरेघ आधी ओढून मग खाली अक्षरं टांगत,
तिनं लिहिलं
गॅस. १४ तारीख.
फ्रिजवर लावलं, कैरीच्या चुंबकाखाली.

मी दारात चपला घालत होतो.
तिथून वाचता आलं.